सण लागण्याआधी : ज्यू धर्मशास्त्रातील क्षौर, धुणे आणि घरकाम

केस कापणे, नखे काढणे, अंघोळ करणे, कपडे धुणे, घर झाडून घेणे ही कामे ज्यू धर्मशास्त्रात केवळ घरगुती सोयीची मानलेली नाहीत. ती केव्हा करावीत, किती वाजेपर्यंत उरकावीत, कोणाकडून करून घ्यावीत आणि कोणत्या दिवशी त्यांना हात लावू नये, याचे तपशीलवार नियम आहेत. त्यांतले बरेचसे सणाच्या आदल्या दिवसाभोवती, किंबहुना त्या दिवसाच्या काही तासांभोवती फिरतात. या धर्मशास्त्राला हलाखा म्हणतात. त्याचा पाया तोरा, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके. त्यावरील मौखिक परंपरेचे संकलन इ.स. २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ या नावाने झाले आणि मिश्नावर पिढ्यान्पिढ्या चाललेला ऊहापोह तल्मुदमध्ये आला. सोळाव्या शतकात गालील प्रांतातील त्सफात या गावी राहणाऱ्या योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ हा आचारसंहितेचा ग्रंथ लिहिला; तो १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. पोलंडमधील क्राकूवचे मोशे इस्सर्लेस यांनी त्याला मध्य आणि पूर्व युरोपातील, म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या, चालीरीतींची पुरवणी जोडली. आजही सणापूर्वीच्या आचाराचा प्रश्न आला की बहुतेक वेळा या दोघांपासूनच सुरुवात होते.

ज्यू दिनमानात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि प्रत्येक सणही आदल्या संध्याकाळीच लागतो. सूर्य मावळला की सणाचे निर्बंध लागू झाले, मग राहिलेले काम राहिलेच. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे मिश्नाने एकोणचाळीस वर्ग केले आहेत. लोकर कातरणे हा त्यांतला एक. केस आणि नखे कापणे त्याच वर्गात मोडते. धुणे हा दुसरा वर्ग. मोठ्या सणांच्या पवित्र दिवशी त्या दिवसाच्या जेवणासाठी स्वयंपाक करण्याची मुभा आहे, पण क्षौर आणि धुणे यांना ती नाही. इथवर नियम सरळ आहे.

गुंतागुंत सुरू होते ती सणाच्या मधल्या दिवसांपाशी. पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण सण, इस्राएलमध्ये सात दिवसांचा आणि इस्राएलबाहेर आठ दिवसांचा असतो. शरद ऋतूतला सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, असाच लांब चालतो. या सणांचे पहिले आणि शेवटचे दिवस पूर्ण पवित्र. मधले दिवस ‘होल हामोएद’. या मधल्या दिवसांत कामावर सरसकट बंदी नाही. सणासाठी लागणारे काम करता येते, थांबवल्यास नुकसान होईल असे काम करता येते, आणि ज्याच्या घरात खायला नाही त्याला पोटापुरते कमावताही येते. मग दाढी करून, स्वच्छ कपडे घालून सण साजरा करायला तर मुळीच हरकत नसावी, असे कोणालाही वाटेल. ‘मोएद कातान’ हा मिश्नाचा भाग खास या मधल्या दिवसांसाठी आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात नेमके उलटे सांगितले आहे : या दिवसांत केस कापू नयेत आणि कपडे धुऊ नयेत.

या बंदीचे कारण तल्मुदने यरुशलेमच्या मंदिरातल्या एका जुन्या नियमाकडे बोट दाखवून दिले आहे. मंदिरातील याजकांच्या चोवीस तुकड्या होत्या आणि एकेका तुकडीकडे आळीपाळीने एका आठवड्याची सेवा असे. पाळीच्या आठवड्यात या याजकांना आणि त्यांच्याबरोबर लोकांतर्फे उपस्थित राहणाऱ्या प्रतिनिधींना केस कापण्याची व कपडे धुण्याची मनाई होती; फक्त गुरुवारी, शब्बाथच्या मानासाठी, ती उठवली जाई. मनाई यासाठी, की त्यांनी पाळीवर येतानाच नीटनेटके होऊन यावे. आठवडाभरात कधीतरी दाढी करता येईल म्हणून कोणी अस्ताव्यस्त अवस्थेत देवाच्या दारी येऊ नये. सणालाही हेच तत्त्व लावले गेले. मधल्या सुट्टीच्या दिवसांत हजामतीला आणि धुण्याला भरपूर सवड असते; तेव्हा ती मुभा दिली तर माणूस आदल्या दिवशीच्या गर्दीत ही कामे टाळील आणि सणाचा पहिला, सर्वांत मोठा दिवस वाढलेल्या केसांनी व मळक्या कपड्यांनी काढील. म्हणून वाटच बंद केली. बंदी मधल्या दिवसांवर आहे, पण तिचा रोख आदल्या दिवसावर आहे. सणापूर्वीच्या क्षौर-धुण्याविषयीचे पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका विचारातून उलगडतात.

ज्याने आळस केला त्याच्यासाठी ही बंदी असेल, तर ज्याला तयारी करणे शक्यच नव्हते त्याचे काय? मिश्ना लगेच त्यांची नावे घेते : समुद्रापलीकडून आलेला, कैदेतून सुटलेला, तुरुंगातून बाहेर पडलेला, समाजाने बहिष्कृत केलेला आणि आता परत घेतलेला, केस न कापण्याच्या व्रतातून विद्वानाने मोकळा केलेला. असे लोक सणाच्या मधल्या दिवसांत केस कापू शकतात आणि कपडे धुऊ शकतात. समुद्रापलीकडून येणाऱ्याची मात्र शुल्हान आरुखमध्ये चौकशी होते. तो पोटापाण्यासाठी गेला होता की केवळ सहलीसाठी इस्राएलची भूमी सोडून गेला होता? सहलीला गेलेल्याला ही सवलत मिळत नाही.

धुण्याच्या यादीत माणसांबरोबर वस्तूही आहेत : हात पुसण्याची फडकी, न्हाव्याची अंगावर टाकायची चादर, स्नानगृहातील पंचे. आधी कितीही धुऊन ठेवले तरी हे कपडे पुन्हा मळणारच. तान्ह्या मुलांच्या लंगोटांनाही पुढे याच न्यायाने मुभा मिळाली. लहान मुलाचे केस तर मधल्या दिवसांत कापता येतातच. मिशी कातरायला आणि केस विंचरायला मोठ्यांनाही अडकाठी नाही.

सवलत देताना तल्मुदला आणखी एक गोष्ट लागते : माणसाची अडचण इतरांना दिसायला हवी. समजा, सणाच्या आदल्या दिवशी कोणाची एखादी वस्तू हरवली, तो दिवसभर शोधत राहिला आणि हजामत राहून गेली. त्याची अडचण खरी आहे, पण ती त्यालाच ठाऊक आहे. त्याला मोकळीक दिली तर पाहणाऱ्यांना नियम मोडलेलाच दिसेल. तेच गावातल्या कारागिराच्या बाबतीत घडले तर? सणाच्या तोंडावर सगळे गाव त्याच्या दाराशी येत असते. त्याची अडचण गावाला कळते, असा मुद्दाही त्या चर्चेत येतो. आणि ज्याच्याकडे अंगावरचा एकच सदरा आहे, त्याने काय करावे? त्याला मधल्या दिवसांत तो सदरा धुण्याची परवानगी आहे. हा माणूस सदरा धुताना वरचे वस्त्र कमरपट्ट्याने बांधून बसतो आणि त्याची गरिबी तो कमरपट्टाच सांगतो, असे मार बार राव आशी या विद्वानाने म्हटले आहे. नियमाचा कडकपणा राखून दरिद्री माणसाला त्यातून अलगद बाहेर काढणारी ही ओळ या सगळ्या चर्चेतील सर्वांत सुंदर ओळींपैकी आहे.

स्त्रियांच्या प्रसाधनाबाबत मिश्नाची भूमिका मोकळी आहे. डोळ्यांत अंजन घालणे, चेहऱ्याला रंग लावणे, केस विंचरणे, अंगावरचे नको असलेले केस काढणे हे सर्व सणाच्या मधल्या दिवसांत चालते. चुन्याच्या लेपाला मात्र रब्बी यहूदा हरकत घेतात, कारण तो लावलेला असेपर्यंत स्त्री विद्रूप दिसते. ही मोकळीक फक्त तरुणींना आहे का, असा प्रश्न तल्मुदमध्ये निघतो. त्यावर राव हिस्दा ठणकावून सांगतात की तुझ्या आईलाही आहे, आजीलाही आहे, आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या म्हातारीलाही आहे. नटण्याच्या आनंदाला वयाची अट लावायला ते तयार नव्हते.

पुरुषांच्या दाढीचा प्रश्न मात्र शतकानुशतके चिघळत राहिला. तोराच्या लेवीय या पुस्तकात दाढीचे कोपरे नष्ट करू नयेत अशी आज्ञा आहे. मिश्नाने ती वस्तऱ्यापुरती मानली. म्हणून कात्रीने किंवा लेपाने दाढी काढण्याची चाल पडली आणि विजेच्या यंत्रावर आजही वाद आहे. ज्यांना दाढी काढायची त्यांच्यापुढे सणाच्या आठवड्यात अडचण उभी राहते. बाराव्या शतकातील फ्रान्सचे रब्बेनू ताम यांनी असा विचार मांडला, की ज्याने सणाच्या आदल्या दिवशी दाढी केलीच आहे, त्याला मधल्या दिवसांत पुन्हा करू द्यावी. त्याने आळस केलेला नाही, मग बंदीचे कारणच त्याला लागू होत नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी हे मान्य केले नाही. आदल्या दिवशी कोणी दाढी केली होती आणि कोणी नाही, हे पाहणाऱ्याला कसे कळणार, ही त्यांची अडचण; शुल्हान आरुखमध्येही बंदीच राहिली. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेजकेल लांडाउ यांनी वेगळी वाट काढली. ज्या न्हाव्याच्या घरात खायला नाही त्याला मधल्या दिवसांत काम करता येतेच. मग आदल्या दिवशी दाढी केलेल्याने अशा न्हाव्याकडून ती करून घेतली तर दोघांचेही भागते. या निर्णयावर त्या काळी बरीच टीका झाली. विसाव्या शतकात न्यू यॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी रोज दाढी करणाऱ्या अमेरिकन ज्यूंकडे पाहून म्हटले, की रोज दाढी करणाऱ्याने सणाआधी कितीही चांगली तयारी केली तरी दुसऱ्या दिवशी खुंट येणारच. त्याच्यासाठी मुळातली कल्पनाच बदलते. पण गरज किंवा मोठा त्रास असेल तरच त्यांनी मोकळीक दिली. बॉस्टनचे रब्बी योसेफ सोलोवेचिक त्यापुढे गेले. त्यांच्या मते अशा माणसाने मधल्या दिवसांतही दाढी करून सणाचा मान राखावा. अनेक कर्मठ समाजांत मात्र पुरुष तो आठवडा खुंट वाढलेलाच ठेवतात.

नखांबाबत सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या परंपरेतले ज्यू, आणि अश्केनाझी यांच्या वाटा वेगळ्या होतात. शुल्हान आरुख मधल्या दिवसांत नखे काढू देतो, इस्सर्लेस मना करतात. त्यामुळे अश्केनाझी घरांत सणाच्या आदल्या दिवशी नखे काढण्याकडे विशेष लक्ष दिले जाते. एरवी नखे शुक्रवारी काढावीत, गुरुवारी काढू नयेत असा संकेत आहे. नखे तिसऱ्या दिवशी वाढू लागतात आणि ती वाढ शब्बाथला व्हायला नको, असे त्याचे कारण सांगितले जाते. बोटे ओळीने घेऊ नयेत अशीही चाल इस्सर्लेस नोंदवतात : डाव्या हाताची सुरुवात अंगठीच्या बोटापासून, उजव्या हाताची तर्जनीपासून, आणि दोन्हीकडे एक बोट सोडून एक. कापलेली नखे कुठेही टाकणे तल्मुदला मंजूर नाही. गर्भवतीने ती ओलांडली तर तिला अपाय होईल अशी त्या काळची समजूत होती. नखे जाळणारा भाविक, पुरणारा सदाचारी, फेकणारा दुष्ट, अशी प्रतवारीच तल्मुद लावते.

सणाच्या आदल्या दिवशी कामकाज केव्हा थांबवायचे, याची मर्यादा दुपारच्या प्रार्थनेशी जोडलेली आहे. शब्बाथच्या आणि सणाच्या पूर्वदिनी या वेळेनंतर जो धंद्याचे काम करतो त्याला त्या कामात बरकत येत नाही, असे तल्मुद सांगते. शिक्षा नाही, दंड नाही. बरकत नाही एवढेच. हजामतीला मात्र ही मर्यादा लागू नाही. शुक्रवारी दिवसभर केस कापून घेता येतात, ज्यू न्हाव्याकडूनही, कारण ते शब्बाथसाठीच चालले आहे हे उघड असते. स्वतःचे सणाचे कपडे दुरुस्त करता येतात. शेजाऱ्याचेही करता येतात, पण त्याची मजुरी घ्यायची नाही. शब्बाथचा खर्च भागवण्यासाठी राबणाऱ्या गरिबाला दिवसभर काम करण्याची मोकळीक आहे.

पेसाहचा आदला दिवस मात्र सगळ्या पूर्वदिनांत निराळा आहे. त्या दिवशी काम माध्यान्हीलाच थांबते आणि हा नियम बरकतीच्या इशाऱ्यापेक्षा पुष्कळ कडक आहे. मंदिर असताना माध्यान्हीनंतर पेसाहचा कोकरा बळी देण्याची वेळ सुरू होत असे. ज्या दिवशी माणूस आपला बळी अर्पण करतो तो दिवस त्याच्यापुरता सणच, म्हणून काम बंद. इ.स. ७० मध्ये मंदिर पडले, बळी थांबले, पण नियम उरला. माध्यान्हीपूर्वी काम करावे की नाही हे मिश्नाने गावोगावच्या रिवाजावर सोडले. जिथे काम बंद ठेवण्याचा रिवाज होता, तिथेही तीन कारागिरांना माध्यान्हीपर्यंत सूट होती : शिंपी, न्हावी आणि परीट. रब्बी योसे बार यहूदा यांनी त्यांत चांभाराची भर घातली. तल्मुदने या निवडीचे दिलेले कारण मोठे तर्कशुद्ध आहे. साधा माणूस सणाच्या मधल्या दिवसांतही आपले कपडे शिवू शकतो. परदेशाहून आलेला किंवा तुरुंगातून सुटलेला मधल्या दिवसांतही केस कापू आणि धुऊ शकतो. म्हणजे या तिन्ही कामांना खुद्द सणाच्या आठवड्यातही कुठे ना कुठे जागा आहे, मग सणापूर्वी असायलाच हवी.

आजच्या आचारात याचा अर्थ असा होतो, की पेसाहच्या आदल्या दिवशी हजामत आणि धुणे सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकावे. माध्यान्हीनंतर ज्यू न्हाव्याकडे जाता येत नाही, इतर धर्मीय न्हाव्याकडे जाता येते. नखे आधी काढावीत, पण विसरलेच तर नंतर काढली तरी चालते. उसवलेला सदरा सणासाठी टाचून घेता येतो. स्वयंपाक, झाडलोट, भांडी यांवर बंदी नाही. ती असती तर त्या घरांत त्या रात्री जेवण झालेच नसते.

पेसाहच्या घरकामाला आणखी एक मोठी बाजू आहे. तोराच्या आज्ञेप्रमाणे सणाचे सगळे दिवस घरात खमीर, म्हणजे गहू, जव अशा धान्यांचा आंबलेला अंश, असता कामा नये. मिश्नातील ‘पेसाहीम’ हा भागच निसान महिन्याच्या चौदाव्या, म्हणजे सणाच्या आदल्या, रात्री दिव्याच्या उजेडात खमीर शोधण्याच्या नियमाने सुरू होतो. आजही घरोघर ती रात्र मेणबत्ती, पिसारा आणि लाकडी चमचा घेऊन फटी-कोपरे धुंडाळण्यात जाते. शोध रिकामा जाऊ नये म्हणून ब्रेडचे दहा तुकडे आधीच लपवून ठेवण्याची चाल अनेकांकडे आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करून त्यांतील चौथा संपेपर्यंत खमीर खाता येते, पाचवा संपायच्या आत ते जाळावे लागते. नजरेतून सुटलेल्या खमिरावरचा हक्क एका अरामी वचनाने सोडून दिला जातो. धातूची भांडी उकळत्या पाण्यात बुडवून किंवा आगीत तापवून शुद्ध केली जातात, मातीच्या भांड्यांना ती सोय नाही. नियम शोधायला सांगतो, भिंती घासायला सांगत नाही. तरीही घराघरांतून हे काम आठवडे-आठवडे चालते आणि त्याचा सगळ्यात जास्त भार बायकांवर पडतो. सणाच्या रात्री गृहिणी थकून पेंगू नये, म्हणून खमीर शोधणे आणि घर घासणे यांतला फरक अनेक रब्बींना पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. ही गोष्ट जितकी सांगावी तितकी थोडीच.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजात पेसाहआधी भिंतींना सफेदी आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई करण्याची चाल होती. हा समाज कित्येक शतके इतर ज्यूंच्या संपर्काशिवाय राहिला, तरी शब्बाथ त्याने सोडला नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून अलिबागकडच्या गावांत त्यांना शनिवार तेली म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या समाजाच्या सणांची जुनी मराठी नावे आहेत. पेसाह म्हणजे आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. योम किप्पुर, हा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. योम किप्पुरला मंडळी पांढऱ्या कपड्यांत दारे बंद करून घरात बसत. पेसाहच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली.

दर आठवड्याच्या शब्बाथची तयारी सणांच्या मानाने लहान, पण तिचे नियम सर्वांत जुने आणि सर्वांत घरगुती आहेत. बायबलमधला शास्त्री एज्रा याने घालून दिलेले म्हणून तल्मुद दहा नियम सांगते. त्यांत कपडे गुरुवारी धुवावेत असा नियम आहे. शुक्रवार स्वयंपाकासाठी मोकळा राहावा, हा त्याचा हेतू. बाईने पहाटे उठून भाकरी भाजावी, म्हणजे दारी येणाऱ्या गरिबाला द्यायला ती तयार असेल, असा दुसरा नियम; आणि प्रसाधनाच्या वस्तू विकणाऱ्या फेरीवाल्यांना गावोगाव फिरू द्यावे, असा तिसरा. कपडे इतर धर्मीय परटाकडे द्यायचे तर केव्हा, यावर शम्माय आणि हिल्लेल या जुन्या आचार्यांच्या परंपरांत मतभेद होता. शम्मायची मंडळी म्हणत, काम शुक्रवारी उजेडातच पुरे होईल इतका वेळ हातात असेल तरच द्यावे. हिल्लेलची मंडळी सूर्य असेपर्यंत द्यायला तयार होती. रब्बान शिमओन बेन गम्लियेल यांच्या वडिलांच्या घरी मात्र पांढरे कपडे शब्बाथच्या तीन दिवस आधीच परटाकडे जात. पांढरे धुवायला वेळ जास्त लागतो, हे त्या घराला ठाऊक होते.

हा मतभेद मिश्नाच्या ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात एक ताकीद आहे : दुपारच्या प्रार्थनेची वेळ जवळ आली असेल तर प्रार्थना झाल्याशिवाय न्हाव्यासमोर बसू नये. कारण तल्मुद सांगते. कात्री मोडेल, दुसरी आणायला वेळ जाईल आणि प्रार्थनेची वेळ टळून जाईल. अंधार पडायच्या सुमारास शिंप्याने सुई टोचलेल्या कपड्यांत बाहेर पडू नये, हाही इशारा तिथलाच. शब्बाथ लागला तरी ती सुई अंगावर राहून जाईल, ही भीती.

कामकाज थांबवण्याची सूचना जुन्या काळी तुतारीने दिली जाई. तल्मुदात सहा फुंकरींचा क्रम आहे. पहिलीला शेतावरचे लोक काम थांबवत. जवळच्या शेतातले दूरच्यांसाठी थांबत आणि सगळे मिळून गावात येत. दुसरीला दुकाने बंद होत. तिसरीला दिवे लागत. मग एक लहान मासा भाजून होईल इतका वेळ जाई आणि शेवटच्या तीन फुंकरींबरोबर शब्बाथ लागे. यरुशलेमला मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी बेंजामिन माझार यांच्या उत्खननात १९६८ मध्ये तुतारी फुंकण्याच्या जागेचा उल्लेख असलेला हिब्रू शिलालेख सापडला. वरून कोसळलेल्या त्या दगडावरची अक्षरे अर्धवट तुटली आहेत, पण उल्लेख स्पष्ट वाचता येतो. रोमन राज्यालाही या तयारीची दखल घ्यावी लागली. ज्यूंना शब्बाथला किंवा शुक्रवारी नवव्या तासानंतर, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारापासून, न्यायालयात हजर राहण्याची सक्ती नसावी, असा सम्राट ऑगस्टसचा आदेश इतिहासकार जोसेफसने नोंदवला आहे.

तयारीची सगळी कामे नोकरांवर टाकू नयेत असा हलाखाचा आग्रह आहे आणि त्याला आधार म्हणून थोर विद्वानांची उदाहरणे दिली आहेत. रावा स्वतः माशाला मीठ लावत. राव हिस्दा बीट चिरत. राब्बा आणि राव योसेफ लाकडे फोडत, रब्बी झेरा काटक्या पेटवत, राव नाहमान सामान आत-बाहेर करत. कितीही नोकरचाकर असले तरी शब्बाथच्या मानासाठी काहीतरी स्वतःच्या हातांनी करावे, असा नियम शुल्हान आरुखने यावरून बांधला. शुक्रवारी सुरीला धार लावून ठेवावी, ही इस्सर्लेस यांची भर. अंगाची तयारी म्हणून शुक्रवारी गरम पाण्याने चेहरा आणि हातपाय, शक्य तर सर्वांग धुवावे, केस वाढले असतील तर कापावेत, नखे काढावीत. यहूदा बार इलाई हे विद्वान शुक्रवारी गरम पाण्याने हातपाय धुऊन, गोंडे लावलेली तागाची वस्त्रे गुंडाळून बसत, तेव्हा ते देवदूतासारखे दिसत, असे तल्मुद सांगते.

सणाचे कपडे शब्बाथच्या कपड्यांहून चांगले असावेत, असा नियम आहे. सणाचा आनंद घरातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचवायचा, म्हणून पुरुषाने आदल्या दिवसांत पत्नीसाठी ऐपतीप्रमाणे कपडे आणि दागिने घ्यावेत, मुलांसाठी सुकामेवा आणावा. बॅबिलोनच्या बायकांना रंगीत कपडे आवडतात आणि इस्राएलच्या बायकांना इस्त्रीचे तागाचे, असा भेदही तल्मुद नोंदवून ठेवते.

वर्षारंभाच्या रोश हाशाना सणाआधीच्या क्षौराला वेगळाच अर्थ आहे. तो दिवस देवाच्या न्यायाचा मानतात. जुन्या काळी न्यायालयात जाणारा आरोपी काळे कपडे घाली, दाढी वाढवी, कारण निकाल काय लागेल हे त्याला ठाऊक नसे. ज्यू मात्र पांढरे कपडे घालतात, केस-दाढी नीट करतात आणि जेवतात, कारण देव त्यांच्या बाजूने निकाल देईल असा त्यांचा भरवसा असतो. पुढे दहाव्या दिवशी येणाऱ्या योम किप्पुरला अंघोळ, तेल, चामड्याचे जोडे हे सगळे वर्ज्य असते. म्हणून आदल्या दिवशीच स्नान करून, अनेक ठिकाणी धार्मिक कुंडात बुडी मारून, पांढऱ्या वस्त्रांत लोक सभास्थानी जातात.

काही काळ क्षौरच निषिद्ध असते. पेसाहनंतर अनेक आठवडे, बहुतेक समाजांत पेसाहमध्ये सुरू होणाऱ्या मोजणीतल्या लाग बाओमेर या तेहतिसाव्या दिवसापर्यंत, केस कापत नाहीत. त्यामुळे पेसाहच्या आदल्या दिवशीच्या हजामतीचे महत्त्व आणखी वाढते. लाग बाओमेर रविवारी आला तर शब्बाथच्या मानासाठी आधीच्या शुक्रवारीच केस कापण्याची मुभा इस्सर्लेस देतात. मंदिर पडल्याच्या शोकदिनाच्या आठवड्यात हजामत आणि धुणे बंद असते, तिथेही मिश्ना शब्बाथसाठी गुरुवारी सूट देते.

घरात मृत्यू झालेल्या माणसालाही आदल्या दिवसाचा हा नियम लागू होतो. जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतर सात दिवस कडक सुतक असते आणि तीस दिवस केस कापता येत नाहीत. पण मध्येच मोठा सण आला तर तो सुतक तोडतो. सात दिवसांचे सुतक सणापूर्वी पुरे झाले असेल तर तीस दिवसांतले उरलेले दिवस सण पुसून टाकतो, आणि असा माणूस सणाच्या आदल्या दिवशी केस कापून, कपडे धुऊन इतरांबरोबर सणात सामील होतो. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. त्यांच्यासाठी केस वाढवणारा मुलगा, आता फार झाले असे सोबत्यांनी टोकेपर्यंत ते कापत नाही. या टोकण्याची मुदत ठिकठिकाणी वेगवेगळी धरली जाते. इस्सर्लेस यांनी नोंदवलेल्या रिवाजात ती तीन महिन्यांची आहे.